बारवेतली ओ

ही गोष्ट खरी आहे. खोट्या गोष्टी सांगणं हा माझा धंदाच होता, त्यामुळे खरं काय आणि खोटं काय एवढं मला कळतं.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही. अमावस्या नव्हती, लाईट गेली नव्हती, कुत्रं रडलं नव्हतं. मागच्या वर्षीचा फेब्रुवारी, शनिवार, भर दुपारचे बारा. माझ्यासोबत बत्तीस माणसं होती आणि त्यातली निम्मी मोबाईलवर शूटिंग करत होती.

जागा आमच्या बीड जिल्ह्यातली. मांजरसुंब्याहून पाटोद्याकडे निघालं की लिंबागणेश लागतं. तिथून पुढं आत वळलं की आमचं गाव. नाव लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल, फक्त त्यांनी मला फोन करू नये.

माझं नाव माऊली. आम्ही मेंढरंवाले. बाप हरिबा अजून मेंढरं राखतो. मी बीडला इतिहास घेऊन बी. ए. केलं, तीन वर्षं घरी बसलो आणि मग गाईड झालो. गाईड म्हणजे उन्हात उभं राहून शहरातल्या लोकांना त्यांना आवडेल ते सांगणारा माणूस.

पुण्याच्या एका कंपनीची एका दिवसाची सहल होती, 'मराठवाड्याचा विसरलेला वारसा'. सकाळी बीडचं कंकालेश्वर, मग खजाना विहीर, पालीजवळ धरणावर चहा, लिंबागणेशला गणपतीचं दर्शन आणि बाराच्या सुमाराला आमच्या गावची बारव. बारव म्हणजे पायऱ्यांची जुनी विहीर. त्यानंतर गावातच बाजरीची भाकरी आणि ठेचा. पत्रकात त्याला 'अस्सल ग्रामीण अनुभव' म्हटलं होतं. हा अनुभव मी जन्मापासून घेत होतो, पण मला त्याचं पत्रक कुणी दिलं नव्हतं.

आमची बारव काळ्या दगडाची. एका बाजूनं सरळ खाली उतरणाऱ्या एक्केचाळीस पायऱ्या. मध्ये एक टप्पा, तिथं भिंतीत रिकामी देवळी. तळाला हिरवं पाणी. भिंतींच्या कोनाड्यांत पारवे, त्यांचं घुमणं दिवसभर चालू.

वीसेक वर्षं ती गाळानं आणि काट्यांनी बुजलेली होती. त्या शनिवारच्या दोन वर्षं आधी राधाकिशन अण्णांनी ती उपसून घेतली. अण्णा आमच्या गावचे माजी सरपंच. बारवेच्या चारी बाजूंची जमीन त्यांची. तालुक्याच्या ऑफिसात ते गेले की साहेब उठून उभा राहतो. सहल आमच्या गावात आली ती त्यांच्यामुळेच, आणि मला काम लागलं तेही त्यांच्याच शब्दानं. हे मी विसरू नये म्हणून ते भेटतील तेव्हा आठवण करून द्यायचे.

कंपनीच्या प्रियदर्शनी मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं की लोकांना सनावळ्या नको असतात. कुठला राजा, कुठलं शतक, कुणी ऐकत नाही. स्टोरी द्या.

मी दिली.

प्रत्येक बारवेला एक सून असते. बारव खणली, पाणी लागेना, मग सून बळी दिली आणि पाणी लागलं. मराठवाड्यात कुठंही जा, हीच गोष्ट. मी तिला सहाशे वर्षांपूर्वीची करून टाकली. सहाशे म्हटलं की माणसं मान हलवतात.

पहिल्याच सहलीत कोथरूडच्या एका बाईंनी विचारलं की त्या सुनेचं नाव काय.

आता गोष्टीतल्या सुनेला नाव नसतंच. बळी द्यायला नाव लागत नाही. पण गाईडनं माहीत नाही म्हणायचं नसतं.

"बायना," मी म्हणालो.

बायना माझी आत्या. बापाची धाकटी बहीण.

मी सहा वर्षांचा होतो, दोन हजार तीनचा दुष्काळ होता, तेव्हा ती गेली. पाटोद्याच्या बाजारात कुण्या माणसासोबत जीपमध्ये बसताना दिसली, असं गावात सांगितलं गेलं. बापानं तिचं लुगडं आणि घोंगडी ओढ्यात नेऊन जाळली, अंघोळ केली, आणि जिवंत बहिणीचं दहा दिवस सुतक धरलं. त्यानंतर घरात तिचं नाव बंद. आईच्या तोंडून एकदा चुकून निघालं तर तो दोन दिवस जेवला नव्हता.

बावीस वर्षं आमच्या घरात जे नाव बंद होतं, ते मी एका अनोळखी बाईला देऊन टाकलं. का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. जिभेवर आलं, एवढंच. आणि खरं सांगायचं तर मला थोडी मजाही वाटली. कुणाची तरी पळून गेलेली बहीण आता पतिव्रता झाली.

मग मी त्यात भर घातली. वरच्या पायरीवर सगळ्यांना उभं करायचो आणि सांगायचो, सगळे मिळून तीनदा हाक मारा, ती ओ देते. बारवेत आवाज घुमतो. हाक तीनदा परत यायची. "बायना... यना... ना..." लोक टाळ्या वाजवायचे. मी लाजल्यासारखं करायचो.

चार सहली अशा झाल्या. पाचवी त्या शनिवारची.

ऊन चढलं होतं. बत्तीस माणसं पायऱ्यांवर. मी हात वर केला आणि सगळ्यांनी हाक मारली.

"बायनाऽऽ"

...

हाक परत आली नाही.

लोक माझ्याकडं बघायला लागले. मी हसून म्हणालो, पुन्हा मारा, जोरात.

"बायनाऽऽ"

...

काहीच नाही.

एका माणसानं गंमत म्हणून "हॅलो" केलं. ते तीनदा परत आलं, अगदी स्वच्छ. मग कुणीतरी शिट्टी मारली. तीही आली. फक्त ते नाव येत नव्हतं. ते खाली जायचं आणि खालीच राहायचं, कुणीतरी ठेवून घेतल्यासारखं.

तेव्हा माझ्या लक्षात आलं...

पारवे गप्प होते. एकही घुमत नव्हता.

मी तिसऱ्यांदा हात वर केला. करायला नको होता.

"बायनाऽऽ"

आणि खालून... पाण्याच्या अंगानं...

"ओ."

बस्स. किंकाळी नाही, रडणं नाही. हातात काम असलेली बाई जशी मान वर न करता ओ देते, तशी.

बत्तीस माणसांनी टाळ्या वाजवल्या. खाली कुणाला बसवलंय म्हणून मला विचारायला लागले. मी हसलो. मग बूट काढून एक्केचाळीस पायऱ्या उतरलो. खाली कुणी नव्हतं. लपायला जागाही नव्हती. पाणी एवढंसुद्धा हललेलं नव्हतं.

त्यातल्या कुणीतरी व्हिडिओ टाकला, 'ओ देणारी बारव'. दोन दिवसांत तो आमच्या गावच्याच ग्रुपवर फिरून आला. मॅडमचा फोन आला, पुढच्या शनिवारी दोन बस आहेत. मी ती आयडिया कशी केली हे त्यांना ऐकायचं होतं. मी सांगितलं की ते गुपित आहे. मलाही ते गुपितच होतं.

पुढच्या शनिवारी साठ माणसं आली. मला जायचं नव्हतं. पण काम होतं, आणि साठ मोबाईल माझ्याकडं रोखलेले होते.

पहिली हाक गेली. परत आली नाही.

दुसरी गेली.

पारवे थांबले...

तिसरी हाक मी मारलीच नाही. त्याआधीच आवाज आला. आणि तो पाण्याकडून आला नाही. मधल्या टप्प्यावरून आला. देवळीजवळून. वीस पायऱ्या वर.

"ओऽऽ... आले रं."

लोक खूश झाले. मी तिथंच पायरीवर बसलो.

त्या "आले रं"मुळं.

आत्या मला कडेवर घ्यायची. मेंढरांच्या वाड्यात ती काम करत असली की मी बाहेरून हाका मारायचो, आणि ती आतूनच म्हणायची, ओऽऽ आले रं. हे मी कुणालाही सांगितलेलं नव्हतं. मीच विसरलो होतो. सहा वर्षांच्या पोराला काय आठवतं. पण तो "रं" कानात गेला आणि मला तिच्या घोंगडीचा वाससुद्धा आठवला.

साठ माणसं जेवायला गेली. मी गेलो नाही. मी दगडाबाईकडं गेलो.

दगडाबाई आमच्यातलीच म्हातारी. बारवेच्या वरच्या अंगाला माळावर तिचं खोपट आहे, पन्नास वर्षं ती तिथंच राहते. सहलीला आलेल्या लोकांकडं ती कधी बघायचीसुद्धा नाही. मी गेलो तर ती दारातच उभी होती.

"तू कावून तिला हाका मारायलास रं?" ती म्हणाली. "ती येईल की."

कोण येईल, असं मी विचारलं नाही.

मग तिनं सांगितलं. बावीस वर्षं पोटात ठेवलेलं तिनं दहा मिनिटांत सांगितलं, शेळीला पाला टाकता टाकता.

त्या दुष्काळात आजूबाजूला पाणी राहिलं होतं ते फक्त या बारवेत. अण्णांच्या घरच्यांनी तोंडाला काटे लावून ती बंद केली होती. बायना भर दुपारी काटे बाजूला सारून अकरा मेंढरं घेऊन पायऱ्या उतरली. अण्णांनी ते पाहिलं. तेव्हा ते तिशीतले होते. सोबत दोन गडी. तिघं वरच्या पायरीवर उभे राहिले आणि खाली दगड टाकायला लागले. मेंढरं हाकलायला, असं म्हणत. दगडाबाई बाभळीखाली बसलेली होती.

"मेंढरं वर आली," ती म्हणाली. "बायना न्हाई आली."

दुसऱ्या दिवशी अण्णांनीच चावडीवर सांगितलं की हरिबाची बहीण पाटोद्यात जीपमध्ये बसली.

मी चिडून विचारलं की तू तेव्हा का बोलली नाहीस. तिनं उरलेला पाला शेळीपुढं सारला. मग म्हणाली की बोलले असते तर राहिले कुठं असते. आणि बारव उपसताना शेवटच्या दिवशी अण्णांनी सगळ्या गावाला घरी पाठवलं, तळाचा गाळ स्वतः उभं राहून काढला, तेव्हा तरी कोण बोललं. गाळात हाडं होती. जनावराची म्हणाले. सगळा गाळ अण्णांच्या मोसंबीच्या बागेत गेला.

जेवणानंतर पर्यटकांना आम्ही त्याच बागेतल्या मोसंब्या द्यायचो. मीही खाल्ल्या होत्या.

घरी गेलो आणि बापाला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं तो उठेल, कुऱ्हाड घेईल, रडेल, काहीतरी करेल. तो विडी विझवून बसून राहिला.

"मेंढरं ओल्या पायांनी घरी आलती," तो म्हणाला. "त्या सालाला पाणी कुठं हुतं? मला ठावं हुतं ती कुठं गेलती. पर अण्णा म्हणले जीपमंदी. मग मी बी म्हणलं, जीपमंदी."

मला त्याचा एवढा राग आला की मी बाहेर येऊन उभा राहिलो. अण्णांचा नाही आला तेवढा त्याचा आला. बहीण मेली हे मान्य केलं असतं तर अण्णांशी भांडावं लागलं असतं. पळून गेली म्हटलं की नुसतं लाजायचं होतं. त्यानं लाजणं घेतलं. आणि ते निभवायला तिचं नाव बंद केलं.

पण मी निदान ते नाव धुऊन काढायचं ठरवलं. ती पळाली नव्हती, तिला मारलं, एवढं एकदा कागदावर यावं. दुसरं काही नको होतं.

मी पोलीस ठाण्यात गेलो. कोणत्या, ते जाऊ द्या. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. हरवल्याची तक्रार तेव्हा दिली होती का, असं विचारलं. दिली नव्हती. साक्षीदार कोण? दगडाबाई ठाण्याच्या पायरीपर्यंत आली आणि तिथूनच परत गेली. हाडं कुठायत? बागेत, गाळात, दोन पावसाळे खाऊन.

मग साहेबांनी मोबाईल काढला आणि माझ्यासमोर धरला. माझाच व्हिडिओ. टोपी घालून, हात हलवत, मी सांगत होतो की सहाशे वर्षांपूर्वी बायना नावाच्या एका सुनेनं या बारवेत स्वखुशीनं प्राण दिले.

स्वखुशीनं. हा शब्द माझाच. मॅडमना तो फार आवडला होता.

व्हिडिओ संपेपर्यंत साहेबांनी मोबाईल तसाच धरून ठेवला, आणि मग मला पाणी दिलं.

मी घरी पोचायच्या आधी अण्णांचा निरोप आला होता. मी गेलो तेव्हा ते आपल्या ओसरीवर बसले होते. मला बसायला खुर्ची दिली, आजवर कधी दिली नव्हती. त्यांच्या आवाजात राग नव्हता.

"ती सहाशे वर्सापूर्वीची बाई हाय, माऊली," ते म्हणाले. "तूच सांगितलंस लोकायला. आता बदलू नको बे."

मग म्हणाले की नाव मी फार चांगलं निवडलंय. बारवेवर फलक लावायचा आहे, पतिव्रता बायना देवी. तुझ्या बापालाच नारळ फोडायला बोलवू.

मी तिथून उठून आलो. त्यांना दोन शब्द ऐकवायला हवे होते. नाही ऐकवले. मी हरिबाचाच पोरगा.

बापाला फलकाचं सांगितलं. त्या रात्री तो जेवला नाही. मंगळवारी सकाळी अंघोळ केली, धुतलेलं धोतर नेसला, नवा पटका बांधला आणि म्हणाला, चल.

कुठं ते विचारायची गरज नव्हती.

मंगळवारी सहल नसते. बारवेवर आम्ही दोघंच. दुपारचे बारा. पारवे घुमत होते.

बाप वरच्या पायरीवर उभा राहिला. त्याला तिला हाक मारायची होती. एवढंच करायचं होतं. बाये, चल घरी, असं म्हणायचं होतं. वाटेत दोनदा त्यानं मला सांगितलं की मी असं म्हणणार आहे.

तोंड उघडलं.

...

आवाज निघेना.

पुन्हा उघडलं. गळ्याच्या शिरा ताठ झाल्या. डोळ्यातून पाणी यायला लागलं. मग माझ्याकडं वळून लहान पोरासारखं म्हणाला की नाव तोंडात येत नाही.

मी म्हटलं, मी मारू का हाक? त्यानं मान हलवली. नाही. हे त्याचं काम होतं.

किती वेळ गेला माहीत नाही. ऊन डोक्यावर होतं. आणि मग मला जाणवलं...

पारवे थांबलेत.

खाली बघितलं. पायऱ्या रिकाम्या. पाणी शांत.

आणि आवाज आला. तळातून नाही. टप्प्यावरून नाही. आमच्या पायांच्या खाली दोन-तीन पायऱ्यांवरून. माणूस माणसाशी बोलतं तेवढ्या अंतरावरून.

"दादा."

बापानं माझा हात धरला. बोटं मोडतील एवढा घट्ट.

इथं एक सांगायला पाहिजे. आमच्या मेंढरंवाल्यांत हाकेचा एक नियम आहे. रानात हाक आली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. दुसरीलाही नाही. जे जिवंत नाही ते दोनदाच हाक मारतं. तिसरी हाक आली तर ते माणूस, मग खुशाल ओ द्या. बापानं मला मेंढरं मोजायला शिकवायच्या आधी हे शिकवलं होतं. त्याला त्याच्या बापानं शिकवलं होतं. रानात राहणाऱ्याच्या अंगात हे इतकं मुरतं की विचार करायच्या आधीच ओठ मिटतात.

त्याचे मिटले. माझेही मिटले.

"दादा."

दुसरी हाक. तिच्यात घाई नव्हती. थकवा होता. एक्केचाळीस पायऱ्या चढून आलेल्या माणसाचा असतो तसा.

बापानं दुसरा हात तोंडावर दाबून धरला. डोळे माझ्यावर. मी काही बोलतो का बघत होता. मी मान हलवली. थांब, असं. तिसरी येऊ दे.

हो, मीच थांब म्हणालो. बी. ए. इतिहास.

आम्ही थांबलो.

...

...

किती तरी वेळ थांबलो. घामानं माझा हात त्याच्या हातातून निसटायला लागला. एक पारवा कोनाड्यातून उडाला, फिरून परत आला आणि घुमायला लागला. मग दुसरा. मग सगळे.

बारव नेहमीसारखी झाली.

तेव्हा बापाला कळलं. त्यानं तोंडावरचा हात काढला आणि ओरडला. आयुष्यात मी त्याला एवढ्या जोरात ओरडताना ऐकलेलं नाही.

"ओ."

ती परत आली. तीनदा. स्वच्छ. त्याचीच.

तो ओरडत राहिला आणि बारव त्याचं त्याला परत देत राहिली. आता नावही निघालं तोंडातून. बाये, बायने, बायनाबाई. सगळं परत आलं. काहीच खाली राहिलं नाही. शेवटी मी त्याला ओढून घरी आणला.

मी काम सोडलं. आता बीडचा एक जण येतो, माझ्यापेक्षा चांगलं बोलतो. फलक लागला आहे. नारळ अण्णांनीच फोडला. मोसंबीची बाग मागच्या हंगामात लगडली होती, सगळे तेच बोलत होते. आता बारव ओ देत नाही, नुसती घुमते, तेव्हा नव्या गाईडनं देवळीत एक छोटा स्पीकर ठेवलाय. त्या पहिल्या व्हिडिओतली तिची ओ त्यावर लावतात. लोक टाळ्या वाजवतात.

म्हणजे ती तिथं नाही, हे मला कळतं. कुठं आहे ते कळत नाही.

बाप हल्ली दिवसभर ओ देतो. मेंढरांमागं चालता चालता, पाणी पिताना, झोपेत. "ओ." थोडं थांबतो, मग पुन्हा, "ओ." लोक म्हणतात हरिबाचं डोकं गेलं. आईनं मांजरसुंब्याच्या डॉक्टरला दाखवलं, त्यानं गोळ्या दिल्या.

परवा दुपारी तिघं जेवायला बसलो होतो. त्यानं भाकरी मोडली आणि म्हणाला, "ओ."

मी विचारलं, आबा, हाक ऐकू येते का तुम्हाला?

"न्हाई," तो म्हणाला. "एकदा बी न्हाई आली. पर मी आता थांबणार न्हाई. तिनं मारायच्या आधीच देतो."

आई पदर तोंडाला लावून आत गेली. बाप जेवत राहिला. मी खाली मान घालून बसलो होतो, कारण हाक आली होती. मला. दारातून.

"माऊल्या..."

घड्याळात बारा वाजले होते. रोज बारालाच येते, महिनाभर झाला. बापाकडं बघितलं. त्याला खरंच काही ऐकू आलेलं नव्हतं. तो ठेचा कालवत होता.

"माऊल्या..."

दोन झाल्या. उंबऱ्याशी कुणी नव्हतं. मी ओठ मिटले, तोंडातला घास तसाच ठेवला आणि तिसरीची वाट बघत बसलो.